गुडघ्याचा धडा आणि एकशे तेरा किलोमीटर



"सर, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने तुम्ही ११३ किलोमीटर कसे काय गेलात?" हा प्रश्न मला गेले काही महिने मेसमध्ये, मैदानावर, आणि एकदा तर प्रकाशाच्या अपवर्तनाचा तास चालू असताना विचारला गेला. प्रत्येकाला उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देऊन भागत नाही. म्हणून आपल्या मराठी पानासाठी हा लेख लिहायला घेतला. मी तुम्हाला भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे लेखात थोडे गणित येणारच. पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या शाळेत बरीच मुले दुखापत लपवतात. कोणी हाऊसचे गुण जातील म्हणून, कोणी टीममधून नाव कटेल म्हणून, तर कोणी पुढे एनडीएच्या मेडिकलला अडचण येईल या भीतीने. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

ट्रायथलॉन म्हणजे काय?

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तिन्ही प्रकार याच क्रमाने, मध्ये विश्रांती न घेता पूर्ण करणे म्हणजे ट्रायथलॉन. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला आला. तिथे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. यापेक्षा लांब पल्ल्याची स्पर्धा म्हणजे आयर्नमॅन: ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन.

या स्पर्धेचा जन्म एका नौदल अधिकाऱ्याच्या डोक्यातून झाला, हे तुम्हाला आवडेल. अमेरिकन नौदलातले कमांडर जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी जुडी हे हवाई बेटांवर राहत होते. सर्वांत तंदुरुस्त कोण, पोहणारा, सायकलवाला की धावणारा, असा वाद खेळाडूंमध्ये चाले. कॉलिन्स यांनी तिथल्या तीन वेगवेगळ्या स्पर्धांची अंतरे एकापुढे एक जोडली आणि वाद मैदानातच मिटवायचे ठरवले. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण सुरुवातीच्या रेषेवर उभे राहिले आणि १२ जणांनी शेवट गाठला. पहिला आलेल्या गॉर्डन हॉलरला ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले. आपल्या सैन्यातही या खेळाची ओढ आहे. मेजर जनरल व्ही. डी. डोगरा यांनी सेवेत असताना, २०१८ साली, ऑस्ट्रियातली पूर्ण आयर्नमॅन पार केली.

मी केली ती याच्या निम्मी. तिला ७०.३ म्हणतात, कारण तिन्ही अंतरांची मैलांतली बेरीज ७०.३ होते. किलोमीटरमध्ये सांगायचे तर १.९ पोहणे, ९० सायकल आणि २१.१ धावणे. बेरीज करा, ११३ येईल. भारतात ही स्पर्धा गोव्यात २०१९ पासून सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी मणिपूरचा बिश्वोरजित सैखोम विजेता ठरला.

गुडघ्याची रचना

वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढे गुडघ्याची वाटी, अशी ही तीन हाडांची जुळणी. मांडीचे हाड खाली गोलसर आहे आणि नडगीचा वरचा भाग जवळजवळ सपाट. सपाट ताटावर दोन लिंबे ठेवावीत तशी ही रचना. मग ती घसरत का नाही? कारण अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि आत एकमेकांना फुलीसारखे छेदणारे दोन, असे चार मुख्य पट्टे असतात. आतल्या दोनपैकी पुढचा तो एसीएल. नडगी पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला पीळ बसू न देणे ही त्याची कामे. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. या गाद्यांच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळजवळ नसतो. म्हणून आतली जखम सहसा आपोआप भरत नाही. रक्त पोहोचत नाही तिथे दुरुस्तीचे सामानही पोहोचत नाही, एवढे लक्षात ठेवा.

दुखापत

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत, शिक्षक विरुद्ध बारावी असा व्हॉलीबॉलचा सामना होता. जाळ्याजवळ उडी मारून खाली येताना माझा पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. आत काहीतरी 'टक्' झाल्याचे मला ऐकू आले. दोन तासांत गुडघा नारळाएवढा झाला. एमआय रूममधल्या डॉक्टरांनी सांगितले की इतक्या लवकर आलेली सूज ही बहुधा आत रक्त साचल्याची खूण असते. एमआरआयमध्ये एसीएल तुटल्याचे दिसले. गाद्या शाबूत होत्या.

अशा प्रत्येक गुडघ्याला ऑपरेशन लागतेच असे नाही. सरळ रेषेतल्या हालचाली करणारे काही जण नुसत्या व्यायामावर छान चालतात. पण माझा गुडघा तीन आठवड्यांत दोनदा जिन्यावर सटकला. असा गुडघा वारंवार सटकत राहिला तर शाबूत गाद्याही फाटतात. म्हणून ऑपरेशन ठरले. तेही लगेच नाही. आधी सूज उतरू द्यायची, पाय पूर्ण सरळ होऊ द्यायचा, मांडीत ताकद आणायची आणि मग टेबलावर जायचे. ऑगस्टच्या अखेरीस मांडीच्या मागची कंडरा काढून तिचा नवा अस्थिबंध बसवला गेला.

गावाकडून आईचा फोन आला. आमची सांगलीकडची भाषा. ती म्हणाली, "व्हय रं, पाय हाईत तर समदं हाय. शिकवायला तोंड लागतंय, पर वर्गात जायला पायच लागत्यात." तिचे बोलणे खोटे नव्हते. या वयात मी पुन्हा तुमच्याबरोबर डोंगरावरच्या कॅम्पला येऊ शकेन का, हा प्रश्न मलाही रात्री झोपू देत नव्हता.

पहिले सहा आठवडे

गुडघ्यात सूज असली की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा हुकूम कमी करतो. स्नायूला काहीही झालेले नसते, पण तो आज्ञाच ऐकत नाही. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी मला पाय सरळ ठेवून गादीवरून चार बोटे वर उचलता येईना. म्हणून पहिले काम होते सूज उतरवणे: पाय उंच ठेवणे, बर्फ, पट्टी. दुसरे काम, टाचेखाली उशी घेऊन गुडघा पूर्ण सरळ करणे. पाय वाकत नसेल तर घाबरू नका, ते हळूहळू येते. पण तो पूर्ण सरळ होत नसेल तर चाल कायमची लंगडी राहू शकते. तिसरे काम, मांडी आवळून पाच मोजायचे आणि सोडायचे. दिवसातून शेकडो वेळा. परीक्षेच्या पेपरांवर देखरेख करताना खुर्चीत बसून मी हेच करत असे, हे आता सांगायला हरकत नाही.

सायकलचे पेडल पूर्ण फिरवायला गुडघा साधारण ११० अंश वाकावा लागतो. माझा तेवढा वाकायला पाचवा आठवडा लागला. त्या दिवशी मी जिममधल्या जागेवरच्या सायकलीवर, कोणतेही ओझे न लावता, दहा मिनिटे पाय फिरवले. माझे ट्रायथलॉनचे प्रशिक्षण त्या दहा मिनिटांनी सुरू झाले.

दुखत नाही, म्हणजे बरे झाले का?

या लेखातले एकच प्रकरण लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

बसवलेली कंडरा ही सुरुवातीला रक्तपुरवठा तुटलेली दोरी असते. शरीर आधी तिच्यात नव्या रक्तवाहिन्या घालते, जुने धागे काढते आणि नवे विणते. जुने निघाले पण नवे पुरते विणले नाहीत, असा एक काळ मध्ये येतो. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही दोरी सर्वांत कच्ची असते. आणि नेमका त्याच काळात माणूस खूश असतो! सूज गेलेली, टाके निघालेले, कुबड्या कोपऱ्यात, चाल सरळ. दुखणे जवळजवळ शून्य. दहाव्या आठवड्यात मला असे वाटत होते की आज मैदानाला चार फेऱ्या मारल्या तरी चालतील. डॉक्टरांनी कॅलेंडरवर बोट ठेवले आणि हिंदीत एवढेच म्हणाले की तुमचा गुडघा कसा वाटतो ते मी विचारलेले नाही, तो कितव्या आठवड्यात आहे ते विचारले आहे.

वेदना हा पहारेकरी आहे. तो आला तर ऐकायचे. पण तो झोपला म्हणजे शत्रू गेला असे नाही. म्हणून परत मैदानावर केव्हा यायचे हे दोन गोष्टींनी ठरते: किती काळ गेला, आणि कोणत्या चाचण्या पार झाल्या. दोन्ही हव्यात. फुटबॉल, बास्केटबॉल, कबड्डी असे वळणे-उड्यांचे खेळ ऑपरेशननंतर निदान नऊ महिने तरी नाहीत. आणि नऊ महिने झाले तरी दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरची लंगडी-उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरली पाहिजे.

तरफेचे गणित

आता वही काढा. खुर्चीवर बसून घोट्याला ५ किलोची वाळूची पिशवी बांधली आणि पाय समोर सरळ केला. गुडघा हा टेकू. पिशवी टेकूपासून सुमारे ४० सेंटिमीटरवर आहे. तिचे वजन ५ × ९.८ म्हणजे ४९ न्यूटन, आणि बल आघूर्ण ४९ × ०.४ म्हणजे सुमारे २० न्यूटन-मीटर. हा भार पेलणारी कंडरा वाटीखालून नडगीला जोडलेली असते, आणि टेकूपासून तिचे अंतर असते साधारण ४ सेंटिमीटर. मग तिच्यातला ताण किती? २० भागिले ०.०४, म्हणजे सुमारे ५०० न्यूटन. ५ किलोच्या पिशवीसाठी कंडरेला ५० किलोचे ओझे ओढावे लागले, आणि यात पायाचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही!

वाटी नसती तर ते ४ सेंटिमीटरचे अंतर आणखी कमी झाले असते आणि ताण वाढला असता. वाटी ही निसर्गाने बसवलेली कप्पी आहे. दुसरी गोष्ट, पाय असा हवेत सरळ करताना शेवटच्या टप्प्यात मांडीचा स्नायू नडगीला पुढे खेचतो, म्हणजे नव्या अस्थिबंधावरच ताण देतो. म्हणून सुरुवातीला मला पिशवी बांधायला मनाई होती. त्याऐवजी पाठ भिंतीला टेकवून अर्धे बसणे, पायरी चढणे-उतरणे, खुर्चीतून एका पायावर उठणे असे व्यायाम होते. पाय जमिनीवर टेकलेला असला की मांडीच्या पुढचे आणि मागचे स्नायू एकत्र काम करतात आणि नडगी जागेवर राहते.

तीन प्रकार, तीन नियम

पोहणे. जखम पूर्ण भरल्यावर सप्टेंबर संपता संपता मी तलावात उतरलो, आणि ऑक्टोबरात तलाव बंद झाला. राजस्थानातली थंडी तुम्हाला माहीत आहे. पुन्हा एप्रिलमध्ये सुरुवात केली. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय बाहेर फेकून फिरवावे लागतात, त्याने गुडघ्याला पीळ बसतो, म्हणून तो वर्ज्य. फक्त फ्रीस्टाइल, आणि सुरुवातीला मांड्यांमध्ये फोमचा तरंगता ठोकळा धरून, पाय न मारता. १.९ किलोमीटर म्हणजे आपल्या २५ मीटरच्या तलावात ७६ वेळा आरपार. पहिल्या दिवशी ८ झाल्या. ऑगस्टपर्यंत ८० झाल्या.

सायकल. गुडघ्यासाठी सायकल चांगली, कारण शरीराचा बराचसा भार सीटवर असतो. पण सीटची उंची बरोबर हवी. सीट खाली असली की गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर दाब वाढतो. फार वर असली की कंबर डुलते आणि गुडघ्याची मागची बाजू दुखते. पेडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहावा. दुसरे, जड गिअर लावून दम काढू नका. हलक्या गिअरवर मिनिटाला ८० ते ९० फेरे ठेवा. ९० किलोमीटरला मला २२० मिनिटे लागली. मिनिटाला ८५ फेरे धरले तर १८,७०० फेरे झाले. एका फेऱ्यात थोडीशी चूक असेल तर ती गुडघा १८,७०० वेळा सोसतो. सीट एक सेंटिमीटर वर-खाली करायला मी एक संपूर्ण रविवार का घालवला, ते यावरून कळेल.

धावणे. हे सर्वांत शेवटी. साडेचार महिन्यांनी, सूज नाही, पाय पूर्ण सरळ, एका पायावर दहा वेळा खुर्चीतून उठता येते, अर्धा तास झपाझप चालता येते, एवढे जमल्यावरच परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे सात वेळा. म्हणजे मी एकूण सात मिनिटे धावलो! सहावीतली मुले कडेने हसत पळत गेली. धावण्याच्या दोन दिवसांमध्ये एक दिवस मोकळा. पावले लहान आणि भरभर टाकायची, म्हणजे पाय शरीराच्या फार पुढे पडत नाही आणि धक्का कमी बसतो.

आठवड्याचा बेत असा होता: तीन दिवस पोहणे, तीन दिवस सायकल, तीन दिवस धावणे आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. सकाळच्या पीटीच्या आधी एक आणि संध्याकाळच्या खेळांच्या वेळी एक. रविवारी पहाटे पाचला लांब सायकल, आणि मे महिन्यापासून सायकलवरून उतरताच पंधरा मिनिटे धावणे. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात. पायांना त्याचीही सवय लावावी लागते.

वहीतले तीन आकडे

रोज सकाळी उठल्यावर मी वहीत तीन आकडे लिहीत असे. पहिला, ० ते १० या पट्टीवर वेदना किती. दुसरा, वाटीच्या मध्यावर शिंप्याच्या टेपने मोजलेला गुडघ्याचा घेर. तिसरा, काल किती मिनिटे काय केले. नियम सोपा होता. व्यायामात वेदना ३ पर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरत असेल तर चालेल. वेदना दुसऱ्या दिवशीही टिकली, किंवा घेर एक सेंटिमीटरने वाढला, तर त्या दिवशी धावणे बंद.

जूनमध्ये ही वही कामाला आली. ऑपरेशनला दहा महिने होत आले होते, स्पर्धेला चार महिने उरले होते. सलग १२ किलोमीटर धावल्याच्या दुसऱ्या सकाळी घेर दीड सेंटिमीटर जास्त भरला. वेदना फक्त १. चालताना कोणाला काही कळले नसते. फॉर्म भरलेला होता, पैसे भरलेले होते, रेल्वेचे तिकीट काढायचे होते आणि तुम्ही सगळे रोज विचारत होता, "सर, गोवा कधी?" मी वही घेऊन एमआय रूममध्ये गेलो. डॉक्टरांनी गुडघा तपासला, अस्थिबंध घट्ट असल्याचे सांगितले आणि तीन आठवडे धावणे बंद केले. पोहणे आणि सायकल चालू. तिकीट मी तेव्हा काढले नाही. सूज उतरली नाही तर या वर्षी जायचे नाही, असे घरी कळवून टाकले.

ते तीन आठवडे मला ऑपरेशनपेक्षा जड गेले. पण दम आणि हृदयाची ताकद काही फक्त धावण्यानेच राहते असे नाही. सायकल आणि तलावाने ती टिकवली. सोळाव्या दिवशी घेर पूर्ववत झाला. जुलैत पुन्हा धावायला लागलो, तेव्हा सलग धावायचे नाही, चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे, हे स्पर्धेसाठीही कायम ठरवले. तिकीट ऑगस्टमध्ये काढले.

खाणे आणि पाणी

लांब पल्ल्याच्या स्पर्धेत शरीरातली साठवलेली साखर संपते, म्हणून वाटेत खात राहावे लागते. ताशी साधारण ६० ग्रॅम कर्बोदके हे माझे माप होते. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम मिळतात. केळी, चिक्की, खजूर आणि बाटलीत साखर-मिठाचे पाणी, हा माझा शिधा. नुसते साधे पाणी ढसाढसा पिणे धोक्याचे आहे. घामाबरोबर मीठ जाते आणि वरून फक्त पाणी भरले तर रक्तातले सोडियम पातळ होते. त्याने चक्कर, उलटी आणि त्याहून गंभीर गोष्टीही होऊ शकतात. आणखी एक, स्पर्धेच्या दिवशी नवे काही खायचे नाही. जे सरावात पोटाला पचले तेच.

मीरामारचा किनारा

ऑक्टोबरात पणजीच्या मीरामार किनाऱ्यावर पहाटे उभा राहिलो. समुद्राचे पाणी तलावाच्या पाण्यापेक्षा जड, त्यामुळे तरंगायला थोडी मदत होते. पण लाटा आणि खारे पाणी तोंडात जाते आणि खाली काळी रेघ नसते. दर सात-आठ हातांनी डोके वर काढून तरंगती खूण बघावी लागते. ५२ मिनिटांत बाहेर आलो. सायकलला ३ तास ४० मिनिटे लागली. धावायला उतरलो तेव्हा ऊन चढले होते आणि हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नव्हता. घाम वाळला तरच शरीर थंड होते, हे नववीच्या धड्यात आहे. म्हणून प्रत्येक पाणी-केंद्रावर डोक्यावर पाणी ओतले. चार मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे. मागून येणारे पुढे जात राहिले, मी घड्याळाकडे बघत माझे मिनिट चालत राहिलो. २१.१ किलोमीटरला २ तास ५५ मिनिटे. कपडे-बूट बदलण्याची १४ मिनिटे धरून एकूण ७ तास ४१ मिनिटे. वेळेची मर्यादा साडेआठ तासांची होती.

दुसऱ्या सकाळी खोलीत टेप काढून घेर मोजला. अर्धा सेंटिमीटर जास्त. तिसऱ्या दिवशी तोही उतरला. पदकापेक्षा मला त्या आकड्याचा जास्त आनंद झाला.

लपवू नका

मी धावायला नुकती सुरुवात केली होती तेव्हाची, म्हणजे गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. इंटर-हाऊस क्रॉस कंट्रीला दहा दिवस होते. एमआय रूमच्या बाहेर मी बाकावर बसलो असताना नववीतला एक जळगावचा मुलगा शेजारी येऊन बसला. हळूच त्याने ट्राऊझर वर केली. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ आले होते आणि हात लावला तरी तो कळवळत होता. दीड महिना तो तसाच धावत होता.

"सर, कुणाला सांगू नका ना. हाऊसमधून माझंच नाव दिलंय."

"मी नाही सांगणार," मी म्हणालो. "तूच सांगणार आहेस. चल, आपण दोघे आत जाऊ."

वाढीच्या वयात हाड भराभर वाढते आणि कंडरा जिथे नडगीला चिकटते ती जागा अजून कोवळी असते. सारखे धावणे-उड्या मारणे चालू असले की कंडरा तिथे ओढत राहते आणि ती जागा सुजते. ऑसगुड-श्लाटर हे त्याचे नाव. वाढत्या मुलांमध्ये ते नेहमी आढळते आणि वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचे थांबते. पण भार कमी करावा लागतो. डॉक्टरांनी त्याला काही आठवडे पीटीतून सूट दिली, मांडीचे ताण देण्याचे व्यायाम शिकवले. क्रॉस कंट्रीच्या दिवशी तो शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन उभा होता आणि तोंड पाडून होता. या जानेवारीत तो धावला. पहिल्या दहात आला नाही, पण हाऊसला गुण मिळवून दिले आणि दुसऱ्या दिवशी नीट चालत वर्गात आला.

सैनिकाने वेदना सोसावी हे खरे. पण कोणती वेदना सोसायची आणि कोणती वर कळवायची, हे ओळखणे सैनिकाचेच काम आहे. रायफल अडकली तर ती लपवून कोणी पोस्टवर जात नाही, आर्मररकडे नेतो. गुडघा तर रायफलीसारखा बदलूनही मिळत नाही. एमआय रूममध्ये आज गेलात तर तीन आठवडे जातील. सहा महिन्यांनी गेलात तर किती जातील, हे मला सांगता येणार नाही.

स्वाध्याय

१. घोट्याला ३ किलोची पिशवी बांधून पाय सरळ केला. पिशवी गुडघ्यापासून ४० सेंटिमीटरवर आणि कंडरा ४ सेंटिमीटरवर असेल, तर कंडरेतला ताण किती?

२. २१.१ किलोमीटर धावताना १७५ मिनिटांत मिनिटाला सरासरी १५० पावले पडली. प्रत्येक पाय किती वेळा जमिनीवर आपटला?

३. सीट खाली असलेली सायकल गुडघ्याला का त्रास देते? आकृती काढून स्पष्ट करा.

४. 'दुखत नाही, म्हणजे बरे झाले' हे विधान चूक का आहे? ऑपरेशननंतरच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या आधारे लिहा.

५. आज रात्री लाइट्स आउटच्या आधी स्वतःचे दोन्ही गुडघे बघा. सूज, टेंगूळ, दुखरी जागा, दोन्ही पाय सारखे सरळ होतात का ते तपासा. काही वेगळे आढळले तर या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नका. उद्या सकाळी एमआय रूममध्ये जाऊन सांगा. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर पहिल्या तासाआधी भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत या, मी बरोबर येईन.